चार गाळून पाच वाजवणाऱ्या निवेदकांस

निवेदक महाशय,
स. न. वि. वि.

रेडिओवरच्या जुन्या तबकड्यांच्या कार्यक्रमात ‘आकड्यांचा भाग’ म्हटल्यावर एक ते दहा ओळीनं येणार, अशी माझी अटकळ होती. तुम्ही अमेरिकी जॅझवाला काउंट बेसी याच्या वाद्यवृंदाची 1937 सालची ‘वन ओ’क्लॉक जंप’ लावलीत आणि ती संपताच पुन्हा तीच. स्टुडिओत कुणाला तरी डुलकी लागली असावी, म्हटलं. मग दोन आला, तीन आला, आणि चार गाळून थेट पाच! तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. 1, 1, 2, 3, 5. फिबोनाचीच्या मालिकेत, म्हणजे आधीच्या दोन आकड्यांची बेरीज हाच पुढचा आकडा असलेल्या मालिकेत, एक दोनदा येतो, म्हणून तबकडीही दोनदा. बेसी ही रचना कार्यक्रम आटोपताना वाजवायचा आणि तुम्ही तिनंच श्रीगणेशा केलात, हा खोडसाळपणा आणखी वेगळा. आठाला बारमध्ये, म्हणजे पाश्चात्त्य संगीतातल्या एका आवर्तनात, आठ ठोके टाकणारं बुगीवुगी झकास होतं. तेरासाठी मात्र बारा बारचा ब्लूज लावून ‘तेरावा तुमचा तुम्ही मोजा’ म्हणालात, ते ओढूनताणून वाटलं. चालायचंच.

पाचाला तुम्ही पॉल डेझमंडची ‘टेक फाइव्ह’ लावलीत. डेव्ह ब्रूबेकच्या जॅझ चौकडीनं ती 1959 मध्ये वाजवली. झपताल मुरलेल्या कानाला पाच मात्रांचं काय कौतुक, असं वाटत होतं. पण झपताल दोन-तीन चालतो आणि ही तीन-दोन. मांडीवर ताल धरायला गेलो आणि दुसऱ्याच आवर्तनात सटकलो.

पण आभार मानायचे आहेत ते दोन गाण्यांच्या मधल्या तुमच्या बोलण्याचे. तबकडीच्या एका बाजूला खाचा किती, हे तुमचं कोडं घरात सगळ्यांना घातलं. कुणी शंभर म्हणालं, कुणी हजार. उत्तर एक! काठापासून आत गुंडाळत गेलेली एकच लांब खाच. त्यानंतर तुम्ही वेगाकडे वळलात आणि तिथे माझं जुनं दुखणं निघालं.

माझ्याकडे भोंग्यासमोर गाऊन भरलेल्या, म्हणजे 1925 च्या आधीच्या काही तबकड्या आहेत. त्यातला एक भारदस्त पुरुषी आवाज 78 वर, म्हणजे मिनिटाला 78 फेऱ्यांवर, लावला की किनरा आणि घाईत असल्यासारखा यायचा. पिन बदलून झाली, यंत्र उघडून तेलपाणी झालं, फरक शून्य. तुम्ही सांगितलंत की त्या काळी 78 हा दंडक पक्का झालाच नव्हता, जो तो आपापल्या वेगानं रेकॉर्ड भरायचा. आणि लगेच हिशेबही मांडलात: 74 फेऱ्यांनी भरलेली तबकडी 78 वर फिरवली तर पट्टी जवळजवळ अर्ध्या सुरानं चढते, आणि 3 मिनिटं 10 सेकंदांचं गाणं 3 मिनिटांत उरकतं. पांढरी पाचातला गवई काळी चारात ढकलला जातो. घाई त्याची नव्हतीच तर!

वेग जुळवायला पट्ट्यांच्या चकतीचा उपायही तुमचाच. 50 हर्ट्‌झची वीज असेल तर दिवा सेकंदाला 100 वेळा, म्हणजे मिनिटाला 6000 वेळा उजळतो. चकतीवर 77 पट्ट्या असल्या तर 77.92 फेऱ्यांना त्या जागच्या जागी थबकल्यासारख्या दिसतात. मी 6000 ला 74 नं भागलं, 81 आले, तेवढ्या पट्ट्या कागदावर आखून जुन्या ट्यूबलाइटखाली चकती फिरवली. पट्ट्या आधी पुढे सरकत होत्या, वेगाचा स्क्रू जरा मागे घेतला तशा रेंगाळल्या आणि थांबल्या. मग तबकडी लावली. गवई दमदार, सावकाश, आपल्या पट्टीत! शब्दही आता कळतात.

एक तक्रार. गाण्याची सुरुवात चालू असताना बोलू नका. तीन मिनिटांच्या गाण्यातली वीस सेकंदं म्हणजे नववा हिस्सा, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता तुमच्या शेवटच्या कोड्याचं उत्तर. आरसीए व्हिक्टर या रेकॉर्ड कंपनीनं 1949 मध्ये 78 मधून एलपी तबकड्यांचा 33 वजा करून 45 चा वेग काढला, ही लाडकी कथा तुम्ही सांगितलीत आणि लगेच मोडीतही काढलीत. मग विचारलंत: एका मापाच्या तबकडीवर, आवाज न बिघडवता, जास्तीत जास्त वेळ संगीत मावायचं तर खाच आत कुठवर न्यावी? सुईखालून खाच फार हळू सरकली की आवाज बिघडतो, आणि सर्वांत हळू ती आतल्या वर्तुळावर सरकते. म्हणून आतलं वर्तुळ मोठं ठेवावं तितकी तबकडी सावकाश फिरवता येते, पण वेढ्यांना जागा कमी उरते. म्हणजे आतली त्रिज्या आणि उरलेली जागा यांचा गुणाकार सर्वांत मोठा हवा. दोघांची बेरीज, म्हणजे बाहेरची त्रिज्या, ठरलेली, तेव्हा दोन्ही सारखे असताना तो मोठा. माझं उत्तर: खाच बाहेरच्या त्रिज्येच्या निम्म्यावर थांबवावी.

चुकलं असेल तर हवेवर सांगू नका, पत्रानं कळवा.

आपला,
एक नियमित श्रोता