तपासणी त्यांची, पण पडदा तुमचा

प्रति,
प्रमुख, प्रवासी सेवा विभाग,
विमानतळ संचालन कंपनी

विषय : सुरक्षा तपासणीत कॅलिपर काढायला लावल्याबद्दल आणि त्यावर आपल्या कार्यालयाने दिलेल्या उत्तराबद्दल तक्रार

महोदय / महोदया,

माझ्या पहिल्या तक्रारीला आपल्याकडून दोन ओळींचे उत्तर आले. झडती सुरक्षा दल घेते, कंपनीचा तिच्याशी संबंध नाही, झालेल्या त्रासाबद्दल खेद आहे. हे उत्तर मला मान्य नाही, म्हणून पुन्हा लिहीत आहे, या वेळी सविस्तर.

मला लहानपणी पोलिओ झाला. डाव्या पायाला मांडीपासून तळव्यापर्यंत कॅलिपर असतो. दोन्ही बाजूंना स्टीलच्या पट्ट्या, गुडघ्यापाशी खाली सरकणारी कडी, मांडीला आणि पोटरीला चामड्याचे पट्टे. बूट त्या स्टीललाच पक्का जोडलेला असतो. त्यामुळे "मॅडम, फक्त बूट काढा" हे सांगणाऱ्याला किरकोळ वाटते. प्रत्यक्षात बूट काढायचा तर सगळा कॅलिपर काढावा लागतो आणि त्यासाठी सलवार सोडावी लागते. कॅलिपर निघाला की मला उभेही राहता येत नाही.

हे सगळे मी त्या दिवशी सांगितले. दिव्यांग ओळखपत्र दाखवले. हाताने चाचपून बघा, कापडी पट्टी फिरवून स्फोटकांच्या अंशाची चाचणी करा, हवा तेवढा वेळ घ्या, असेही म्हणाले. चाचणीचे मशीन बंद असल्याचे कळले. मग मला महिलांच्या तपासणीच्या पडद्याआड नेले. तिथे झडतीसाठी चढायचा लाकडी चौथरा होता, बसायला काही नव्हते. बऱ्याच वेळाने कुठूनशी हात नसलेली प्लास्टिकची खुर्ची आली. पडद्याचे दोन भाग मधोमध मिळत नव्हते. त्या फटीतून मला रांग दिसत होती, म्हणजे रांगेलाही मी दिसत असणार. कॅलिपर ट्रेमध्ये घालून एक्स-रे मशीनमधून पाठवला आणि पलीकडे तो ट्रे कुणाच्या तरी सॅकखाली अडकून पडला. तो हाती येईपर्यंत मी ओढणी मांडीवर पसरून बसून होते. आपला व्हीलचेअर मदतनीस पुरुष, त्याला आत येता येईना. बिचारा बाहेरून "झालं का मॅडम?" विचारत होता.

तपासणीच नको, असे माझे म्हणणे नाही. 1999 च्या डिसेंबरात काठमांडूहून दिल्लीला निघालेले विमान कंदहारला नेले गेले, तो आठवडा आमची पिढी विसरलेली नाही. त्यानंतर 2000 पासून विमानतळांवर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल येऊ लागले, ते योग्यच झाले. कॅलिपरमध्ये कुणी काही लपवू शकेल, हेही मी नाकारत नाही. त्यासाठीच तर ती पट्टीची चाचणी आहे. तपासणीतून सूट असलेल्या मान्यवरांची एक यादी असते, त्या यादीत मला मुळीच जायचे नाही. (त्यात कुणी कॅलिपरवाले असतील तर ते नशीबवान.)

नियमही माझ्याच बाजूचा आहे. ऑक्टोबर 2021 मध्ये नृत्यांगना सुधा चंद्रन यांनी दर वेळी कृत्रिम पाय काढायला लावतात म्हणून व्हिडिओ करून दाद मागितली. तेव्हा माफी मागताना दलाने स्वतःच स्पष्ट केले की कृत्रिम अवयव फक्त अपवादात्मक परिस्थितीत काढायला सांगायचे असतात. त्याच वर्षी डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले की प्रवाशाची प्रतिष्ठा राखण्यासाठी कृत्रिम अवयव किंवा कॅलिपर काढायला लावू नयेत. याच न्यायालयाने 2016 मध्ये जीजा घोष यांना दहा लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश विमान कंपनीला दिला होता. सेरेब्रल पाल्सी असलेल्या जीजाताईंना 2012 मध्ये गोव्याला जाणाऱ्या विमानातून कोलकात्यात उतरवले होते. इतके सगळे झाल्यावरही मशीन बंद आहे, एवढ्याने माझी परिस्थिती अपवादात्मक ठरते का? मशीन चालू ठेवण्याची जबाबदारी माझी नव्हती.

आता आपल्या उत्तराकडे येते. झडती घेणारे हात दलाचे, कबूल. पण न मिळणारा पडदा कुणाचा? चौथरा, ट्रे, रोलर, मदतनीस आणि ते बंद मशीन कुणाचे? माझ्या तिकिटावर सुरक्षा शुल्काची ओळ वेगळी आहे आणि वापरकर्ता विकास शुल्काची वेगळी. पहिली रक्कम आपल्याकडे येत नसेल, दुसरी तर येते ना? ज्या इमारतीत अत्तराच्या दुकानाला छतापर्यंत काचा लागतात, तिथे कडी लागणारी एक लहान खोली बसत नाही, हे मला पटत नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 च्या कलम 92 नुसार चारचौघांत मुद्दाम अपमान करणे हा गुन्हा आहे. ड्युटीवरच्या त्या मुलीविरुद्ध मी ते कलम लावणार नाही. तीच जास्त ओशाळली होती, पट्टे बांधायला तिनेच मदत केली. तिच्यामागे लांब रांग होती आणि विचारायला वरिष्ठ जागेवर नव्हते. तिच्यावर कारवाई करून माझी तक्रार निकाली काढू नये, ही विनंती.

मला हवे आहे ते असे. त्या दिवशी चाचणीचे किती मशीन चालू होते आणि बंद मशीनची नोंद कधी झाली, हे लेखी कळवावे. तपासणीच्या जागी दार असलेली खोली, हातांची भक्कम खुर्ची आणि धरायला दांडा बसवावा. मदतनिसांत महिला असाव्यात. कॅलिपर न काढता तपासणी मागता येते, हा फलक मराठी, हिंदी आणि इंग्रजीत रांगेच्या तोंडाशी लावावा. माझ्यासारखीला नियम माहीत असतो आणि भांडायची सवयही असते. पहिल्यांदा विमानात बसणारी एखादी आजी "काढा" म्हटले की काढेल.

त्या वेळचे सीसीटीव्ही चित्रीकरण पुसले जाण्याआधी सुरक्षित ठेवावे, तशी मागणी मी पहिल्या पत्रातही केली होती. तीस दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास दिल्लीतील दिव्यांग मुख्य आयुक्तांकडे आणि ग्राहक आयोगाकडे अर्ज करीन. दोन्ही मसुदे तयार आहेत.

आपली,
एक प्रवासी
(नाव आणि पत्ता मूळ प्रतीवर)

सोबत : बोर्डिंग पास, दिव्यांग ओळखपत्र आणि आपल्या आधीच्या उत्तराची प्रत