गिऱ्हाईक येऊन गेलं

नाशिक,
18 जानेवारी 2026

ती. आई-बाबांना
सा. न.

आई, तिळगूळ पोचला का? पाक जरा पुढे गेला, वड्या कडक झाल्यात. दादाला सांग, तोंडात धरून ठेव, चावू नकोस. गुडघ्याचे व्यायाम चालू आहेत असं तू म्हणतेस आणि दादा म्हणतो चार दिवस बंद आहेत. त्यावर नंतर बोलू. हे पत्र खरं तर बाबांना आहे, पण तू मोठ्यानं वाचून दाखव. फोनवर आकडा मनासारखा नसला की त्यांची रेंज जाते.

बाबा, फियाट बघायला गिऱ्हाईक येऊन गेलं. गेल्या रविवारी. निफाडकडचा माणूस, घरची द्राक्षबाग, वय पंचेचाळीसच्या आसपास. शेडमध्ये सहा जुन्या गाड्या होत्या, आता चार आहेत. चहाला नंतर म्हणाला आणि खिशातून फ्रीजला लावतात तसलं लोहचुंबक काढून रुमालात गुंडाळलं. दाराखालच्या पट्टीवरून ते हळूहळू सरकवत गेला. पत्रा असेल तिथं धरतं, पुट्टी भरली असेल तिथं घसरतं. डाव्या मागच्या चाकाच्या वर आल्यावर चुंबक टपकन खाली पडलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "1999. द्वारका सर्कलला रिक्षानं ठोकलं होतं." त्यानं मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहिलं. मग मॅट उचलून फ्लोअर पाहिला (ड्रायव्हरच्या पायाखाली बोटभर गंज आहे, तुम्ही मला कधी सांगितलं नव्हतं), आरसी बुकातला नंबर इंजिनवरच्या नंबराशी ताडून पाहिला, आणि चोक ओढून गाडी लावायला सांगितली. तिसऱ्या सेल्फला लागली. तो बॉनेटपाशी डोळे मिटून उभा राहिला, स्टेथोस्कोप लावलेल्या डॉक्टरसारखा.

"इंजिन झकास आहे," म्हणाला. "पिस्टनच्या रिंगा कधी बदलल्या?"

मी तुमचं नेहमीचं उत्तर दिलं. कधीच नाही. 1991 ला धूर सोडत होती, पंधरा दिवस उभी ठेवली, धूर आपोआप बंद झाला. इटालियन इंजिन आहे, विश्रांती दिली की स्वतःला सावरतं. तो काही बोलला नाही, फक्त रुमालाची घडी घातली.

सव्वादोन लाख म्हणाला. तुम्ही आठ सांगायला सांगितलं होतं, मी आठ सांगितलं. तो हसला नाही, एवढ्यावरूनच माणूस बरा वाटला.

आता हे आठ लाख आले कुठून, ते मला माहीत आहे. दादा तुम्हाला लिलावाचे मेसेज पाठवतो. 2022 च्या मे महिन्यात मर्सिडीजची एक 1955 ची रेसिंग कूपे साडेतेरा कोटी युरोला गेली, आपले जवळपास 1,100 कोटी. महागाई चढलेली, युक्रेनचं युद्ध पेटलेलं, आणि तरी. तेव्हापासून तुमच्या डोक्यात बसलंय की जग बुडालं तरी जुन्या गाडीचा भाव चढतोच. बाबा, तसल्या कूपे जगात दोनच बनल्या. फेरारी 250 जीटीओ छत्तीस बनल्या. आपल्या फियाट, म्हणजे पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यातून 2000 सालापर्यंत निघत होत्या, आणि मुंबईच्या रस्त्यावर तिची शेवटची टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरपर्यंत धावत होती. जी गाडी परवापर्यंत हात केला की थांबायची, ती दुर्मीळ कशी म्हणायची?

मंदीत वरच्या आणि खालच्या गाड्यांच्या वाटा वेगळ्या होतात, हे मला त्या निफाडवाल्याकडून कळलं. मग दोन रात्री जागून मी वाचत बसले. 2009 च्या मे महिन्याचं बघा. जगभर नोकऱ्या जात होत्या, आणि इटलीत मारानेल्लोला 1957 ची एक फेरारी टेस्टा रोसा नव्वद लाख युरोला विकली गेली, त्या वेळचा लिलावातला उच्चांक. ज्याच्याकडे ती होती आणि ज्यानं ती घेतली, त्या दोघांवरही बँकेचा हप्ता नसणार. हप्तेवाले जिथं घुसतात तिथं गडबड होते. 1988 ला एन्झो फेरारी वारले आणि त्यांच्या गाड्यांवर उड्या पडल्या. जपानमध्ये जमिनीच्या भावावर श्रीमंत झालेले लोक, युरोपातले सट्टेवाले, सगळे कर्ज काढून घ्यायला लागले. भाव काही पटींनी चढले. मग व्याज वाढलं, जपानचा फुगा फुटला, आणि 1990 नंतर त्याच गाड्या निम्म्याच्या खाली गेल्या. गाडी तीच, इंजिन तेच, पण कर्जाच्या पैशावर उभा राहिलेला भाव कर्जाबरोबरच बसला.

कोविडनंतरची तेजीही त्याच जातीची. लोक घरी बसलेले, पैसा स्वस्त. 2022 च्या सुरुवातीला अमेरिकेत व्याजाचा दर जवळपास शून्य होता, दीड वर्षात तो सव्वापाचच्या वर गेला. आपल्या रिझर्व्ह बँकेचा रेपो दरही चारवरून साडेसहा. फिक्स डिपॉझिटवर घरबसल्या सात टक्के मिळायला लागले, तेव्हा ज्या वस्तूला शेड, विमा, बॅटरी आणि मिस्त्री लागतो ती वस्तू कोण धरून ठेवणार? सोनं कपाटात गप्प पडून राहतं. गाडी पडून राहिली तर तिचे टायर चपटे होतात, टाकीत पेट्रोलचा चिकटा धरतो, ब्रेक जाम होतात.

बरं, हे सगळं परदेशातलं झालं. इथलं सांगते. यंदा मेपासून जो पाऊस लागला तो दिवाळी झाली तरी हटेना, बागांचं काय झालं ते तुम्हाला फोनवर सांगितलंच होतं. कांद्यानंही वर्षभर रडवलं. आमच्या अंबडच्या कारखान्यात अमेरिकेच्या ऑर्डरी निम्म्यावर आल्यात, तिसरी पाळी बंद आहे, आणि पगाराचा हिशोब मीच करते, त्यामुळे कोणाचा ओव्हरटाइम किती गेला ते मला पाठ आहे. टीव्हीवर देशाच्या वाढीचे आकडे छान आहेत, असतील. नाशिकमध्ये जुनी गाडी हौसेनं घेणारा माणूस म्हणजे बागायतदार, बिल्डर किंवा कारखानदार. तिघांचाही हात सध्या आखडलेला आहे.

निफाडवाल्यानं दोन गाड्या काढल्या त्या औषधवाल्याचं बिल आणि मजुरी भागवायला. त्यानं एक गोष्ट सांगितली ती मला फार पटली. म्हणाला, "ताई, मंदीत भाव पडायच्या आधी गिऱ्हाईक गायब होतं. गाडी वर्षभर तशीच उभी राहते, मालक आकडा कमी करत नाही, आणि सगळ्यांना वाटतं भाव टिकून आहे. प्रत्यक्षात व्यवहारच झालेला नसतो." चांगल्या गाड्या लोक अशा वेळी बाहेर काढतच नाहीत. निघतात त्या अर्धवट उघडलेल्या: इंजिन एका पोत्यात, सीट माळ्यावर, काचा शेजाऱ्याच्या गॅरेजात. आणि मार त्यांनाच जास्त बसतो, कारण गाडीचा भाव उतरला तरी क्रोमवाल्याची मजुरी उतरत नाही, दाराचं रबर स्वस्त होत नाही, आणि सोलेक्सचा कार्बोरेटर कानानं लावणारा मिस्त्री आता सत्तरीचा आहे. दोन लाखाची गाडी नीट करायला चार लाख लागतात, मग ती फुकट मिळाली तरी महागच. आपली उघडलेली नाही, चालती आहे, 1987 पासून मालक एकच. म्हणून सव्वादोन. मुंबईच्या एका एजंटानं फोटो बघून फोनवरच एक चाळीस सांगितले होते, तेही तुम्हाला सांगून ठेवते.

पन्नाशी उलटल्याचाही फायदा त्यानं धरलाय. आपली ऑक्टोबर 1975 ची, त्यामुळे 2021 च्या नियमाप्रमाणे ती व्हिंटेजमध्ये जाऊ शकते. पण तशी नोंद केली की मग रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर काढायची. तुमचं गंगापूर रोडनं सोमेश्वरला जाणं आणि येताना भाजी आणणं बंद. तशी नोंद नाही केली तर ऑगस्टमध्ये पेठ रोडला आरटीओत पुन्हा पासिंग, आणि वीस वर्षांवरच्या मोटारीची फी गेल्या वर्षी दहा हजार झाली. फ्लोअरचा गंज काढल्याशिवाय ती पास होणार नाही, हे मी तुम्हाला आत्ताच सांगते.

आता वहीचं. गिऱ्हाइकानं दुरुस्तीचे कागद मागितले, म्हणून मी आईच्या हिशोबाच्या वह्या काढल्या. 1987 पासूनच्या, एकोणीस वह्या. त्यातला 'गाडी' असा प्रत्येक आकडा बेरजेला घेतला. पेट्रोल आणि विमा सोडून 4,12,640 रुपये. त्यात खरेदीचे 31,000 नाहीत. आई, मला माहीत आहे तू आता काय म्हणणार. 1987 ला सोनं तोळ्याला अडीच हजाराच्या आसपास होतं, त्या एकतीस हजारात बारा तोळे आले असते आणि आज तोळा सव्वा लाखाच्या वर आहे. मी गुणाकार केलाय, लिहीत नाही. बाबांचा रक्तदाब बघायला तिकडे दादा एकटाच आहे.

पण त्या वहीत मला खरेदीची हकिगतही सापडली, आणि बाबा, तिनं मला हसू आलं. ती गाडी कॉलेज रोडच्या एका डॉक्टरांची होती. त्यांनी मारुती घेतली होती. त्याच्या आधी नवीन फियाटला नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं आणि जुनी गाडीसुद्धा ऑन, म्हणजे वरचे पैसे, देऊन घ्यावी लागायची. 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली, पन्नास हजारांच्या आत, आणि फियाटची ऐट उतरली. डॉक्टर पंचेचाळीस मागत होते. आईनं लिहिलंय: 'हे तीन वेळा जाऊन आले. शेवटी एकतीसला ठरली. म्हणाले भाव अजून पडेल, देऊन टाका.' म्हणजे पडत्या भावात डॉक्टरांना घाबरवून तुम्ही गाडी आणलीत, आणि आज निफाडवाला तेच वाक्य तुमच्यापेक्षा सभ्यपणे बोलतोय तर तुम्हाला राग येतोय!

माझं मत विचाराल तर मला वाटतं तुम्हाला विकायचीच नाहीये. आठ लाख ही तुमची 'नाही' म्हणायची पद्धत आहे. तसं असेल तर तसं सांगा, मी फ्लोअरचं काम करून घेते, त्याला चाळीसेक हजार लागतील, निम्मे माझे. माझ्या नोकरीचं काय होईल ते एप्रिलनंतर कळेल, म्हणून आत्ता म्हणतेय. विकायची असेल तर मात्र याच माणसाला द्या. पाच मिळतील, सहा मिळतील म्हणून दोन पावसाळे आणखी उभी ठेवलीत तर बोटाचा गंज तळहाताएवढा होईल आणि तेव्हा एक चाळीसवालासुद्धा येणार नाही. टोकन घेतलेलं नाही. तो मार्चअखेरपर्यंत थांबतो म्हणालाय, कारण त्याचेही पैसे बाग उतरल्यावरच येणार.

दर रविवारी पंधरा मिनिटं सुरू करते. काल अशोक स्तंभापर्यंत नेऊन आणली. कुंभमेळ्यासाठी सगळे रस्ते खोदून ठेवलेत, दुसऱ्या गिअरच्या वर जाताच आलं नाही. सिग्नलला एका पोरानं विचारलं, गिअर स्टिअरिंगला का आहे? मी म्हटलं, आमच्या बाबांना विचार, पण अर्धा तास काढून ये.

दादा-वहिनीला नमस्कार, पिल्लूला पापा.

तुमची
ताई

ता. क. (आई, हे मोठ्यानं वाचू नकोस.) 1991 च्या वहीत, बाबा पंधरा दिवस ट्रेनिंगला पुण्याला गेले होते तेव्हाची, 17 सप्टेंबरची एक नोंद आहे: 'मिस्त्री, रिंग-पिस्टन, 1,850. ह्यांना सांगायचं नाही.' ओव्हरटाइम बंद झाल्यावर बाबा गाडी विकायला निघाले होते ते हेच वर्ष ना? गिऱ्हाईक म्हणतोय की इंजिनाच्या कामाचा कागद असेल तर तो वीस हजार वाढवून देईल. दाखवू का नको, तेवढं मला बाबा झोपल्यावर फोन करून सांग.