वीसाचा एक शेअर, मर्यादा मात्र तीच

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

आपल्या औषध कंपनीच्या रिव्हर्स स्प्लिटने (अनेक जुन्या शेअरांचा मिळून एक नवा शेअर करण्याने) आपला हिस्सा कमी होईल का, असं तू विचारलंस. नुसत्या स्प्लिटने होत नाही. काळजी त्यापुढची आहे. गोल आकडे घेऊन मांडतो.

समज, तिमाही अहवालाच्या पहिल्या पानावर 3 कोटी शेअर दिसतात. तिथे थांबू नकोस. आतल्या टिपांमध्ये 90 लाख प्री-फंडेड वॉरंट, 1 कोटी 20 लाख साधी वॉरंट आणि 40 लाख ऑप्शन सापडतील. वॉरंट आणि ऑप्शन म्हणजे ठरलेल्या भावाने कंपनीकडून नवे शेअर घेण्याचे हक्क. बेरीज साडेपाच कोटी. साध्या वॉरंटचा ठरलेला भाव चालू भावाच्या वर असेल तर ती आज कोणी वापरणार नाही. प्री-फंडेड मात्र शेअरच समज: ती घेणाऱ्या गुंतवणूक फंडाने जवळजवळ सगळे पैसे आधीच भरलेले असतात, बाकी राहतात शेअरमागे 0.0001 डॉलर वगैरे. स्वतःची मालकी 9.99 टक्क्यांवर जाऊ नये म्हणून फंड ते शेअर नंतर घेतो.

आता स्प्लिट. भाव सलग 30 कामकाजाचे दिवस 1 डॉलरखाली राहिला की नॅसडॅक या अमेरिकी शेअरबाजाराची नोटीस येते, सुधारायला 180 दिवस मिळतात. 60 सेंटच्या शेअरचा 20 ला 1 केला की भाव 12 डॉलर आणि 3 कोटींचे 15 लाख शेअर. वॉरंट-ऑप्शनही त्याच प्रमाणात घटतात. पण कंपनीच्या सनदेतली अधिकृत शेअरची मर्यादा (जास्तीत जास्त किती शेअर काढता येतील ती) 10 कोटी असेल आणि ठरावात ती कमी केली नसेल, तर ती 10 कोटीच राहते! आधी साडेचार कोटी शेअर काढायला वाव होता, आता पावणेदहा कोटींच्या आसपास. ठरावातली ही एक ओळ नीट वाच.

मग रोख बघ. दीड कोटी डॉलर शिल्लक, तिमाहीला 50 लाख खर्च, म्हणजे नऊ महिने. बाजारातल्या शेअरचं मूल्य साडेसात कोटी डॉलरखाली असलं की एस-3 या सोप्या, झटपट शेअर विकायच्या नोंदणीवर 12 महिन्यांत त्याच्या एक तृतीयांशच विकता येतं. 60 सेंटच्या हिशेबाने फार तर 60 लाख, जेमतेम एका तिमाहीचा खर्च. म्हणून अशा कंपन्या एस-1 ही सविस्तर नोंदणी भरतात, आणि गिऱ्हाईक मिळावं म्हणून शेअरसोबत वॉरंट देतात. आपल्या हिश्शाला खरा मार तिथे बसतो.

ट्रायलचे निकाल चांगले आल्यावर चढ्या भावाला शेअर विकले तर माझी तक्रार नाही. औषध पैशांशिवाय होत नाही. निकालाच्या आधी, पडत्या भावात, वॉरंटसकट विकले तर मला राग येतो.

आणि गप्प बसू नकोस. स्प्लिटचा ठराव बहुतेक वेळा नेहमीच्या कामकाजात धरतात. तू सूचना दिली नाहीस तर ब्रोकर तुझं मत स्वतः देऊ शकतो. ठरावाचं ते पान मला पाठव, मर्यादेची ओळ दोघं मिळून बघू.

तुझा,
अनिरुद्ध