शेवंतीची कळी दाखवणाऱ्या सरांना

सातारा

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

वडील गेल्यानंतर आमच्या आईने बोलणे जवळजवळ सोडले होते, हे आपण शेजारी राहून पाहिलेत. त्यातून तिला बाहेर काढण्यासाठी आपण जे केलेत, त्याबद्दल समोर उभे राहून आभार मानू लागले की आपण विषय बदलता, म्हणून हे जाहीर पत्र लिहीत आहे. शिवाय अशी मिटून गेलेली माणसे अनेक घरांत असतात, आणि आपले सांगणे त्यांच्या मुलासुनांपर्यंत पोहोचावे असे मला मनापासून वाटते.

डॉक्टरांचे उपचार थांबवायचे नाहीत, हे आपण आधी बजावलेत. लाल रंगाने उत्साह येतो, निळ्याने शांती मिळते, अशा सोप्या तक्त्यांवर विसंबून फुले निवडू नयेत, हेही सांगितलेत. रंगाचा मनावर परिणाम होतो खरा. पण रंग कोणता आहे याइतकेच तो किती उजळ आणि किती गडद आहे यालाही महत्त्व असते, आणि पाहणाऱ्याच्या आठवणी त्यात मिसळलेल्या असतात. म्हणूनच आपण कोणतेही रोप न सुचवता आईला विचारलेत, "वहिनी, तुमच्या माहेरी अंगणात काय होतं?" बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "शेवंती. आणि कुंपणावर गोकर्ण."

तीच रोपे आमच्या गॅलरीत आली. दिवस लहान होऊ लागले की शेवंती कळी धरते, हे आपण तिला समजावलेत, आणि त्यामुळे ज्या बाईला उद्याचे काहीच नको होते तिला वाट पाहायला एक कारण मिळाले. कळी दिसते का, हे पाहायला ती सकाळी उन्हात बसू लागली. सकाळचा प्रकाश डोळ्यांवाटे शरीराच्या झोप-जागेच्या घड्याळाला दिशा देतो, असे आपण म्हणाला होता. तिची झोप सुधारली, त्याचे श्रेय मी फुलांइतकेच या उन्हाला आणि रोजच्या पाणी घालण्याला देते. गोकर्णाच्या निळ्या पाकळ्या गरम पाण्यात टाकून त्यात लिंबू पिळले की पाणी जांभळे होते, हा प्रयोग तिने नातवाला करून दाखवला, तेव्हा कितीतरी काळाने घरात तिचा मोठा आवाज ऐकू आला. काकूंनी दिलेल्या निशिगंधाचे काम संध्याकाळचे. वासाची वार्ता मेंदूतील भावना आणि स्मृती यांच्याशी जोडलेल्या भागांपर्यंत फार जवळच्या वाटेने पोहोचते, असे आपण सांगितले होते, आणि त्याच वेळी आई वडिलांच्या आठवणी सांगू लागली. त्या सांगताना ती रडलीसुद्धा, आणि ते रडणेही आम्हाला हवेच होते.

माझ्या शंकाखोर भावाला आपण रॉजर उलरिक यांचा 1984 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगितलात. पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी 23 जणांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, तर त्यांच्याशी मिळत्याजुळत्या 23 जणांना विटांची भिंत दिसत होती. झाडे पाहणारे थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. हा अभ्यास झाडांच्या दृश्याचा आहे, फुलांच्या रंगांचा नाही, हे आपणच लगेच जोडलेत. आपल्या या काटेकोरपणामुळेच भावाचा विश्वास बसला.

भाद्रपदात आपण आम्हाला कास पठारावर नेलेत. सातारकर असूनही, 2012 साली जागतिक वारसा यादीत गेलेल्या आणि 850 हून अधिक सपुष्प वनस्पतींच्या त्या पठाराकडे मी तोवर गालिचा म्हणूनच पाहत आले होते. आपण आईला एकेका फुलाजवळ थांबवलेत : गुलाबी तेरडा, पिवळी सोनकी, पांढरे गेंद आणि निळसर जांभळी सीतेची आसवे. जांभ्या खडकावरच्या पातळ, निकस मातीत ही सीतेची आसवे सूक्ष्म जीव पकडून आपले पोषण पुरे करतात, हे ऐकून आई कुंपणापाशी वाकून किती वेळ पाहत राहिली! हे रंग मुळात कीटकांना बोलावण्यासाठी असतात, मधमाशीला आपल्यासारखा लाल रंग दिसत नाही, पण आपल्याला न दिसणारे अतिनील दिसते, हे तिने घरी आल्यावर फोनवर मावशीला जसेच्या तसे सांगितले. माणसाचे लक्ष स्वतःच्या दुःखावरून असे अलगद बाहेर वळणे, हाच मला फुलांचा सर्वांत मोठा गुण वाटतो, आणि तो आम्हाला आपल्यामुळे कळला.

सर, आपण दिलेल्या वेळेबद्दल, आणि खोटी आशा न दाखवल्याबद्दल, मी आणि आमचे सर्व कुटुंब आपले ऋणी आहोत. काकूंचेही मनःपूर्वक आभार. खालच्या मजल्यावरच्या एकट्या राहणाऱ्या आजींना आईला शेवंतीची रोपे द्यायची आहेत. ती केव्हा वेगळी करावीत, हे विचारायला ती रविवारी स्वतः आपल्याकडे येणार आहे.

आपली कृतज्ञ,
एक शेजारीण