आबा, ते साडेआठ थाऊ तुम्हीच शोधलेत

आदरणीय आबा,
सा. नमस्कार.

हे पत्र उघडपणे लिहितोय, कारण कुणीतरी कधीकाळी डिझेल इंजिन चढवलेल्या जुन्या पेट्रोल जीपा आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि क्लचच्या दुखण्यानं हैराण झालेले त्यांचे मालकही. तुम्ही माझ्यासाठी काय केलंत ते त्यांच्याही कानावर जावं. तुम्ही मोबाईलवर काही वाचत नाही, तेव्हा नातवाला वाचून दाखवायला सांगितलंय.

माझ्या सीजे-३बी जीपची तक्रार तुम्हाला पाठ आहे, बाकीच्यांसाठी सांगतो. गाडी उभी, क्लच पार दाबलेला, तरी फर्स्ट टाकला की कर्रर्र. रिव्हर्सला त्याहून वाईट. टी-९० गिअरबॉक्सला सिंक्रो, म्हणजे गिअर पडण्याआधी दोन्हींचा वेग जुळवणारी कडी, फक्त सेकंड आणि थर्डला असतो, त्यामुळं जो तो म्हणायचा, "जुन्या जीपचा फर्स्ट ओरडणारच." या एका वाक्यानं माझे बरेच पैसे खाल्ले. क्लच प्लेट बदलून झाली, प्रेशर प्लेट झाली, रिलीज बेअरिंग झालं. थोडे दिवस बरं चालायचं आणि पुन्हा तेच.

तुम्ही बॉनेटसुद्धा उघडलं नाहीत. इंजिन आयडलला ठेवून, क्लच दाबून थोडं थांबायला लावलंत आणि मग गिअर टाकायला सांगितलंत. "सिंक्रो नसू दे की. क्लच सुटला असंल तर शाफ्ट आपोआप थांबाय पायजे. थांबंना झालाय म्हंजे त्येला कोण तरी ओढतंय. प्लेट बदलून काय हुतंय?" कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर आयुष्य घालवलेल्या माणसाचं निदान हे असं असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

गिअरबॉक्स उतरवल्यावर पायलट बुश, म्हणजे क्रँकच्या टोकात बसून गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं टोक धरणारा बुश, तोंडाशी फाकलेला दिसला. दुसऱ्या कुणी नवा बुश ठोकून दिला असता. तुम्ही म्हणालात, आधी बेल हाऊसिंग, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधलं क्लचवरचं कवच बघू. बेल हाऊसिंगच्या मागच्या भोकात गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगचं कव्हर चपखल बसतं, म्हणजे इनपुट शाफ्ट कुठं यायचा ते हे भोक ठरवतं. शाफ्टचं टोक मात्र क्रँकच्या बुशमध्ये. भोक आणि क्रँक यांचा मध्य एक नसला की शाफ्ट दोन मालकांचा नोकर होतो. क्लच दाबला तरी बुश त्याला धरून फिरवत राहतो, क्लच प्लेटच्या स्प्लाइन (शाफ्टवर बसणारे दाते) झिजतात, गिअर ओरडतो. माझ्या गाडीत तर इंजिन आणि हाऊसिंगच्या मध्ये कुणा गॅरेजनं बनवलेली अडॅप्टर प्लेट. तिच्या डॉवेल पिनांची, म्हणजे जागा पक्की करणाऱ्या खुंट्यांची भोकं कशाच्या आधारानं पाडली होती, देव जाणे!

क्लचचा सगळा जोड उतरवून फ्लायव्हीलवर मॅग्नेटचा स्टँड आणि डायल गेजची सुई भोकाच्या आतल्या भिंतीला. हीटर प्लग काढून क्रँक हलकी केलीत आणि पुढची पुली फिरवायचं काम मला दिलंत. त्याआधी गेज एका दांड्यावर बांधून वर-खाली फिरवून पाहिलंत, का, तर स्टँडचा हात स्वतःच्या वजनानं वाकतो आणि ते वाकणं रीडिंगमध्ये मिसळतं. मला ते तेव्हा फाजील वाटलं होतं.

वर शून्य धरलं. उजवीकडं ७, खाली १७, डावीकडं १० थाऊ (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). तुम्ही लगेच बेरीज केलीत: वर आणि खाली मिळून १७, डावं-उजवं मिळूनही १७. "भोक गोल हाय, रीडिंग खरं हाय." आणि मग माझ्या डोक्यात नीट बसेपर्यंत सांगत राहिलात की गेजवरचा १७ म्हणजे चूक १७ ची नव्हे, निम्मी. हाऊसिंग साडेआठ थाऊ वर बसलं होतं. मिलिमीटरमध्ये ०.२२ च्या आसपास. पूर्ण फेरीत गेजची चाल ५ थाऊच्या आत हवी, इथं तिप्पट होती.

पिना घासून हाऊसिंग खाली ठोकू या, असं तिथल्या एकानं सुचवलं तेव्हा तुमचा चेहरा बघण्यासारखा होता. दुसऱ्या दिवशी तुम्ही चार जबड्यांच्या चकात, गेजवर १६ येईपर्यंत सळई सरकवून, ८ थाऊ एक्सेंट्रिक (मध्य बाजूला सरकलेल्या) पिना वळून आणल्यात. डोक्याला स्क्रू ड्रायव्हरची खाच. दोन्ही खाचा एका दिशेला ठेवायच्या, नाहीतर अडॅप्टर प्लेट अडकते. बोल्ट आवळून पुन्हा रीडिंग घेतलं: खाली १, उजवीकडं उणे १, डावीकडं २.

मी हत्यारं आवरायला घेतली, तर तुम्ही सुई भोकातून काढून हाऊसिंगच्या मागच्या तोंडावर लावलीत. हे काम सहसा कुणी करत नाही. क्रँकला पुढं-मागं थोडी चाल असते, म्हणून ती एकाच बाजूला दाबून फिरवायची, नाहीतर रीडिंग खोटं. तिथंही फरक निघाला आणि त्याचं कारण अगदी साधं होतं: अडॅप्टर प्लेटखाली जुन्या रंगाचा थर आणि हातोडीनं उठलेला बर, म्हणजे धातूची बारीक कोर. कानस, पॉलिश पेपर, पुन्हा फिटिंग, आणि भोकाचंही रीडिंग पुन्हा.

क्लच प्लेट मध्यावर धरायला मी डमी शाफ्ट आणला होता. तो वापरायचाच, पण तो प्लेटला क्रँकच्या मध्यावर आणतो, हाऊसिंगबद्दल काहीच सांगत नाही, हे तुम्ही सांगेपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. गिअरबॉक्स चढवताना दोन बोल्टांच्या जागी लांब स्टड लावून तो हातानं सरकवलात, बोल्टांनी खेचू दिला नाहीत. वजन प्लेटच्या हबवर लोंबकळलं की नवी प्लेट तिथंच वाकते.

आता आयडलला क्लच दाबून जरा थांबलं की फर्स्ट मुकाट्यानं पडतो. भुदरगडच्या घाटात गिअर उतरवताना अजून दोनदा क्लच दाबावा लागतो, पण तो त्या गिअरबॉक्सचा स्वभावच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

पिनांचं माप मी कागदावर काढून ठेवलंय. गडहिंग्लजच्या एका मित्राच्या जीपलाही अडॅप्टर आहे आणि तोही नवी क्लच प्लेट घ्यायला निघाला होता. त्याला थांबवलंय. रविवारी तुमची दुपारची झोप झाल्यावर त्याला घेऊन येतो. गेजचा स्टँड तेवढा काढून ठेवा. पुली या वेळी तो फिरवेल.

तुमचा,
जीपवाला