एकक नाही, किटचे नाव नाही, मग आकडा कशाचा?

महोदय,

आतड्याच्या दाहावरील कालच्या लेखात शौचाच्या एका तपासणीबद्दल ‘कॅलप्रोटेक्टिन २५०च्या वर म्हणजे आजार उसळला’ असे ठळक चौकटीत छापले आहे. एकक नाही, नमुना कसा घ्यायचा ते नाही, किटचा (तपासणीच्या तयार संचाचा) उल्लेख नाही. अशी चौकट कापून ठेवणारे रुग्ण उद्या आपल्याच मनाने गोळ्या वाढवतील किंवा बंद करतील.

कॅलप्रोटेक्टिन हे न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींमधले प्रथिन. आतड्याला सूज आली की ते शौचात उतरते. सूज कशाने आली, हे त्यावरून कळत नाही. जंतुसंसर्गाचे जुलाब, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके, ॲसिडिटीसाठी रोज घेतलेले पँटोप्राझोल, यांनीही आकडा चढतो. तान्ह्या मुलांत तो मुळातच जास्त असतो. उलट क्रोन्स (आतड्याच्या दीर्घकालीन दाहाचा एक आजार) फक्त लहान आतड्यात असेल तर सूज असूनही आकडा अनेकदा फारसा वाढत नाही.

पण खरा घोळ होतो तो नमुन्यात. किटमधल्या काडीच्या टोकाला खाचा असतात. त्या पूर्ण भरल्या आणि नळीत घालताना वरचे जादा पुसले गेले, तरच ठरलेले मिलिग्रॅम द्रावणात जातात. पातळ शौच खाचेत टिकत नाही, ओघळून जाते आणि आकडा खोटाच कमी येतो, तोही आजार जोरात असताना! तेव्हा पिपेटनेच (मोजमापाच्या बारीक नळीने) मोजून घ्यायला हवे. नमुना शक्यतो सकाळच्या पहिल्या शौचाचा, लघवी-पाणी न लागू देता, कोलोनोस्कोपीच्या पोटसफाईआधीचा असावा. फ्रिजबाहेर तीन दिवसांहून जास्त ठेवू नये.

एकाच नमुन्याचा आकडा दोन कंपन्यांच्या किटवर दुप्पट-तिप्पट वेगळा येऊ शकतो. म्हणून लॅब आणि किट दर वेळी तेच हवे. साधारणपणे ५०च्या खाली सूज असण्याची शक्यता कमी. ५० ते २५०च्या मधल्या आकड्यावर लगेच औषध बदलण्यापेक्षा काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करणे शहाणपणाचे. शेवटी निर्णय लक्षणे आणि आधीचे आकडे शेजारी ठेवून डॉक्टरांनीच घ्यायचा.

आणखी एक. लेखात शौचातल्या छुप्या रक्ताची तपासणी हीच कॅलप्रोटेक्टिनची, असे सुचवले आहे. छुप्या रक्ताची तपासणी हिमोग्लोबिन, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींमधले प्रथिन, शोधते. दोन्ही तपासण्या सर्वस्वी वेगळ्या आहेत. कृपया दुरुस्ती चौकटीच्याच जागी छापा, आणि एकक लिहा: मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम.

— एक लॅब तंत्रज्ञ