रस्ता नकाशावर तीस मीटर, जमिनीखाली किती?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सिंहस्थ जवळ आला की नाशकात रस्ता रुंदीकरण, रिंगरोड, वाहनतळ, बस टर्मिनल यांचे निर्णय एकामागून एक होऊ लागतात. कामे व्हायलाच हवीत. आमचे म्हणणे एवढेच की कोणत्याही मार्गाची आखणी पक्की करण्याआधी त्या पट्ट्यातले वापर हक्क, म्हणजे जमिनीतून वाहिनी किंवा वरून तार नेण्याचे हक्क, एका नकाशावर यावेत. पाण्याची, मलनिस्सारणाची, गॅसची, तेलाची वाहिनी आणि वरून जाणाऱ्या विजेच्या तारा, सगळे गट क्रमांकानिहाय दाखवावे आणि तो नकाशा हरकतींच्या सूचनेसोबतच लोकांसमोर ठेवावा. आज क्रम उलटा आहे. आधी आखणी, मग निविदा, मग कार्यादेश, आणि जेसीबीचा दात पाइपला लागला की मग 'शिफ्टिंग'चे अंदाजपत्रक. तोवर रस्ता अर्धा उखडलेला असतो आणि ठेकेदाराचा मुदतवाढीचा अर्ज आलेला असतो.

कायद्याला वेगळे अपेक्षित आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २२ मध्ये विकास आराखड्यात काय असावे ते सांगितले आहे. त्यात रस्ते-रेल्वेच्या जोडीला पाणीपुरवठा, मलनिस्सारण, वीज आणि गॅसही आहेत. प्रत्यक्षात आराखड्याच्या शीटवर जलशुद्धीकरण केंद्राचा चौकोन दिसतो, पण तिथे येणारी वाहिनी कोणाच्या गटातून आली ते दिसत नाही. गंगापूर धरणातून येणाऱ्या कच्च्या पाण्याच्या वाहिन्या, मुकणेहून विल्होळीला येणारी वाहिनी, एकलहरे वीज केंद्राच्या बाजूने निघणाऱ्या अतिउच्चदाब तारा यांचे नकाशे वेगवेगळ्या कार्यालयांत, वेगवेगळ्या मोजमापांत पडून आहेत.

तीस मीटरचा विकास आराखड्यातला रस्ता घ्या. दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर पदपथ, साडेतीन मीटरच्या सहा मार्गिका म्हणजे २१ मीटर, उरलेले चार मीटर दुभाजकाला. हिशेब जुळला. आता याच रस्त्यावर उन्नत, म्हणजे खांबांवरून जाणारा मार्ग आणा. नाशिकच्या मेट्रो निओला (रबरी चाकांच्या, बससारख्या विजेवरच्या गाड्यांची मेट्रो) राज्य मंत्रिमंडळाने २०१९ मध्ये मंजुरी दिली, फेब्रुवारी २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तिच्यासाठी २,०९२ कोटी रुपयांची घोषणा झाली, आणि गंगापूर ते नाशिकरोड हा तिचा मुख्य मार्ग शहरातल्या द्वारका चौकातून जातो. पुढे ती निओच राहो की दुसरी एखादी पद्धत येवो, खांब लागणारच. खांब दोन मीटरचा दिसतो, पण जमिनीखाली त्याची पाइल कॅप (पायाचा काँक्रीटचा ठोकळा) पाच-सहा मीटर रुंद असते. ती खोदायला आणि यंत्र उभे करायला आठ-नऊ मीटरचा पट्टा पत्र्यांनी बंद करावा लागतो. तीसातून नऊ गेले, पदपथाचे पाच गेले, उरले सोळा. म्हणजे एका बाजूला आठ मीटर, आणि त्या आठ मीटरमध्ये काम संपेपर्यंत सिटीलिंकच्या बस, रिक्षा, दुचाक्या सगळे. अशा वेळी पदपथाखालची वाहिनी हलवायची म्हटले तर तिला जागाच उरत नाही. म्हणून वाहिन्या हलवण्याचे काम खांबांच्या कार्यादेशाच्या आधी संपलेले असले पाहिजे, त्याच्यासोबत सुरू झालेले नव्हे.

स्थानकाच्या जिन्यांचे तर याहून अवघड. जिना आणि लिफ्ट रस्त्याच्या रुंदीबाहेर उतरवायची असेल तर त्या जागेचे आरक्षण आजच दाखवायला हवे. ते नसले की जिना पदपथावर येतो, आणि पदपथाखालीच तर ११ केव्हीची (११ हजार व्होल्टची) केबल, गॅसची नळी आणि पाण्याची वितरण वाहिनी असते.

चाचणी खड्डा हा यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे आणि तोच टाळला जातो. रस्त्याच्या आडव्या दिशेने, एक मीटर रुंद, दीड ते दोन मीटर खोल, फावड्या-कुदळीने काढलेला चर. जेसीबी अजिबात नको. आधी लाल इशारापट्टी किंवा विटांचा थर लागतो, त्याखाली विजेची केबल. पुढे सरकले की पिवळी पट्टी आणि तिच्याखाली गॅसची पॉलिथिन नळी. मग ऑप्टिक फायबरचे रंगीत डक्ट, एकमेकांवर चढलेले. नियमाप्रमाणे ११ केव्हीच्या केबलवर ९० सेंटिमीटर माती हवी, गॅसच्या नळीवर सुमारे एक मीटर. नाशकात मात्र अनेक ठिकाणी वीत-दोन वीत काळी माती, मग मुरूम आणि लगेच काळा पाषाण लागतो. दगड फोडायचा खर्च वाचवायला नळी तिथेच वर घेतलेली असते, आणि कागदावर एक मीटर असते ते जागेवर चाळीस सेंटिमीटर निघते. जमिनीत लहरी सोडून शोधणारे रडार ओल्या काळ्या मातीत नीट चालत नाही, आणि प्लॅस्टिकच्या नळीसोबत शोधतार (वरून माग काढता यावा म्हणून टाकायची धातूची तार) नसेल तर लोकेटर यंत्रालाही नळी सापडत नाही. वस्तीच्या भागात दर पन्नास मीटरला आणि प्रत्येक चौकात असा चर घेतला तर निविदेतले अंदाज खरे ठरतील. रस्त्याखालच्या सेवांच्या मांडणीसाठी भारतीय रस्ते काँग्रेसची ९८ क्रमांकाची मार्गदर्शिका आहेच. कोणती सेवा किती खोल आणि कडेपासून किती अंतरावर, याचा आडवा छेद तिच्या आधारे प्रत्येक रस्त्यासाठी मंजूर करून घ्यावा.

आता वरच्या तारांकडे पाहू. १३२ केव्ही वाहिनीसाठी मोकळा ठेवायचा पट्टा २७ मीटरचा धरतात, २२० केव्हीचा ३५ मीटरचा. एवढी रुंदी कशासाठी, असे शेतकरी विचारतात आणि त्यांना नीट उत्तर दिले जात नाही. दोन मनोऱ्यांच्या मधोमध तार वाऱ्याने बाजूला झुलते आणि उन्हाने व भाराने खाली येते. म्हणून अंतर मोजायचे ते मनोऱ्यापाशी नव्हे, दोन मनोऱ्यांमधल्या गाळ्याच्या मध्यावर आणि तारेचा सर्वांत जास्त झोळ धरून. डिसेंबरच्या सकाळी मोजलेली उंची मे महिन्याच्या दुपारी खरी ठरत नाही. इमारतीसाठी १३२ केव्हीच्या तारेपासून आडवे २.९ मीटर आणि उभे ४.६ मीटर अंतर लागते, तेही तार झुललेली धरून.

अशा पट्ट्याखालून रस्ता काढणे ही चांगली युक्ती आहे. जमीन तशीही बांधकामाला निरुपयोगी असते. १३२ केव्हीला जमिनीपासून किमान ६.१ मीटर उंची ठेवावी लागते आणि बस सव्वातीन मीटरच्या आसपास असते, त्यामुळे तारांखालचा रस्ता बसला चालतो. आठ-दहा मीटर उंचीच्या उन्नत मार्गाला तो चालत नाही. तिथे मनोरे उंच करावे लागतात किंवा तारा भूमिगत कराव्या लागतात. त्यासाठी पैसे आधी भरावे लागतात, आणि वाहिनी बंद ठेवण्याची परवानगी मिळेल तेव्हाच काम होते. म्हणून आराखड्यात प्रत्येक रस्त्यापुढे लिहावे: हा रस्ता फक्त बसचा, की पुढे उन्नत मार्गाचाही?

तेलवाहिनीचा प्रश्न वेगळा आहे, आणि त्यात लोकांची फसगत जास्त होते. मुंबईहून मनमाडजवळच्या पानेवाडीकडे जाणारी पेट्रोलियम वाहिनी आपल्याच जिल्ह्यातून जाते. अशा वाहिन्यांसाठी १९६२ चा स्वतंत्र कायदा आहे. त्यात जमीन मालकाच्या नावावरच राहते, सरकार घेते तो फक्त वापराचा हक्क. कलम ३ ची अधिसूचना निघाल्यावर हरकतीला २१ दिवस मिळतात. अधिसूचनेच्या तारखेच्या बाजारभावाच्या दहा टक्के मोबदला मिळतो, पिकाचे व इतर नुकसान वेगळे. त्या पट्ट्यात शेती करता येते, पण इमारत, विहीर, तळे, झाड चालत नाही. अडचण पुढच्या पिढीत येते. सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात ही नोंद नसेल तर घेणाऱ्याला काही कळत नाही, बिगरशेतीचा आराखडा तयार होतो, आणि त्यातला अंतर्गत रस्ता किंवा बसथांबा नेमका वाहिनीवर येतो. तलाठ्याकडून ही नोंद करून घेणे हे वाहिनी टाकणाऱ्याचे काम आहे. महापालिकेने किंवा महानगर प्रदेश प्राधिकरणाने अभिन्यास (प्लॉट पाडण्याचा आराखडा) मंजूर करताना तिची खात्री करावी.

पाण्याच्या मोठ्या वाहिनीबाबत एकच गोष्ट सांगतो, कारण नुकसान तिथे सर्वांत मोठे होते. वाहिनी जिथे वळते तिथे तिला काँक्रीटचा ठोकळा टेकवलेला असतो, थ्रस्ट ब्लॉक. पाण्याचा दाब वळणावर नळीला बाहेर ढकलतो, तो ठोकळा आणि त्यामागची माती तिला धरून ठेवतात. गटाराचा चर काढताना ती मागची माती काढली की नळीला हातही न लावता सांधा निखळतो आणि निम्म्या शहराचे पाणी बंद. त्यामुळे नकाशावर वाहिनीच्या रेषेसोबत वळणे, व्हॉल्व्ह आणि ठोकळे दाखवणे आवश्यक आहे. नाशिकरोडला रूळ ओलांडायचे असतील तर रेल्वेच्या भुसावळ विभागाची वे-लीव्ह (रेल्वेच्या जागेतून वाहिनी नेण्याची) परवानगी आणि वाहिनीभोवती केसिंग पाइप लागतो. तो वेळ कामाच्या वेळापत्रकात धरावा.

बस आगारांबाबतही हेच. पन्नास विजेवरच्या बस रात्री सहा तासांत चार्ज करायच्या, प्रत्येकीला दीडशे युनिट धरले, तर साडेसात हजार युनिट, म्हणजे सव्वा मेगावॅटचा सलग भार. त्यात गळती आणि राखीव धरून दीड ते दोन मेगावॅटची उच्चदाब जोडणी लागते. ही केबल उपकेंद्रापासून आगारापर्यंत कोणत्या रस्त्याने येणार, याचे उत्तर आगाराची जागा ठरवतानाच द्यावे लागते. जागाही एक हेक्टरच्या आसपास हवी. बस उभी राहायला आणि वळायला मिळून दर बसला सव्वाशे-दीडशे चौरस मीटर लागतात, शिवाय कार्यशाळा. तारांखालच्या पट्ट्यात रिकाम्या बस उभ्या करता येतील, पण सीएनजी भरणा, चार्जरचे मंडप आणि छत तिथे नको.

वेळही फार उरलेला नाही. नाशिकचा सुधारित विकास आराखडा २०१७ मध्ये मंजूर झाला. त्या मंजुरीतून वगळलेल्या भागांच्या तारखा वेगळ्या आहेत. वर सांगितलेल्या नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ प्रमाणे आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण रद्द होते. आगार, टर्मिनल आणि रस्त्यांची जी आरक्षणे बस वाहतुकीसाठी खरोखर लागणार आहेत, त्यांची यादी २०२७ उजाडण्याआधी करून मालकांशी बोलणी व्हावीत. टीडीआर (जमिनीच्या मोबदल्यात मिळणारा हस्तांतरणीय विकास हक्क) देऊन ताब्यात घेतलेल्या रस्त्यांचे फेरफारही तपासावेत. ताबा पावती झाली आणि सातबाऱ्यावर नाव मात्र जुन्याच मालकाचे, अशी जमीन पुढे वारसांच्या वाटणीत जाते आणि रुंदीकरण पुन्हा अडते.

नागरिकांनी काय करावे, हेही सांगतो. त्याच अधिनियमाच्या कलम ३७ खाली आराखड्यात फेरबदलाची सूचना निघाली की हरकतीला एक महिना मिळतो. त्यात 'आमचा विरोध आहे' एवढेच लिहिलेल्या अर्जाला सुनावणीत वजन राहत नाही. भाग नकाशा घ्यावा, त्यावर आपला गट लाल रेषेत दाखवावा, भूमी अभिलेख कार्यालयाच्या मोजणीची 'क' प्रत, सातबारा आणि फेरफार जोडावेत. जवळ मनोरा असेल तर त्याच्या पायाशी असलेल्या धोका फलकाचा आणि वाहिनीचे नाव व मनोरा क्रमांक लिहिलेल्या पाटीचा फोटो घ्यावा. तेलवाहिनी असेल तर हद्दीच्या खांबांचा. खांबांपासून प्रस्तावित रस्त्याच्या मध्यरेषेचे अंतर टेपने मोजून लिहावे. आणि अर्जात ठाम मागणी करावी की निर्णयापूर्वी महापालिका, वीज वाहिनीचे अभियंते, पाणीपुरवठा विभाग आणि अर्जदार यांची जागेवर संयुक्त पाहणी व्हावी व तिचे टिपण सहीसह मिळावे. रस्ता खोदणाऱ्या यंत्रणेने केंद्र सरकारच्या 'कॉल बिफोर यू डिग' ॲपवर आगाऊ नोंद केली का, हेही विचारावे. हे ॲप मार्च २०२३ पासून सुरू आहे.

महापालिका, महानगर प्रदेश प्राधिकरण आणि सिटीलिंक चालवणारे परिवहन महामंडळ यांनी पहिला एकत्रित नकाशा द्वारका ते नाशिकरोड या पट्ट्याचा करावा, अशी आमची विनंती आहे. तिथे राष्ट्रीय महामार्ग, नियोजित उन्नत मार्ग, बस आणि जुन्या वाहिन्या सगळे एकाच रुंदीत आहेत. तो नकाशा विभागीय कार्यालयाच्या भिंतीवर लावला, तर पुढच्या सूचनेच्या आधी लोकांना त्यात चुका दाखवता येतील.

आपले,
पाणीपुरवठा, वीज वाहिन्या व नगररचनेच्या कामातील काही अभियंते, नाशिक